बंधनांची गोष्ट

श्रोतेहो, दाराची बिजागरी आठवा. मोकळ्या वस्तूला हालचालीच्या सहा वाटा असतात. तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या. बिजागरी त्यांतल्या पाच बंद करते, म्हणून दार फक्त फिरतं. संगणकावर, म्हणजे 'कॅड'मध्ये, यंत्राचे सुटे भाग जोडताना हेच करायचं असतं. कोणती वाट बंद, कोणती खुली, ते सांगायचं. यालाच बंधन म्हणतात.

या विचाराचा उगम मला १९६३ साली दिसतो. अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हान सदरलंड यांनी पीएच.डी.साठी 'स्केचपॅड' तयार केलं. प्रकाश-लेखणीनं पडद्यावर ओबडधोबड रेघा ओढायच्या आणि 'या दोन समांतर', 'या सारख्या लांबीच्या' असं सांगायचं; संगणक रेघा तशा जुळवून घेई. (संगणक मात्र खोलीभर!) रेघेपेक्षा अट मोठी, ही त्यातली खरी क्रांती, असं मी मानतो.

१९९४ साली उडालेल्या बोइंग ७७७ची जुळणी आधी पडद्यावर झाली. पूर्णाकृती नमुन्यांचा खटाटोप बहुतांशी टळला.

पण पडद्यावरची माहिती एका गावाहून दुसऱ्या गावी धड पोचायला हवी ना? एअरबस ए-३८०च्या वेळी हॅम्बुर्ग आणि तुलूझचे अभियंते एकाच प्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. पडद्यावर चोख बसलेल्या तारा प्रत्यक्ष विमानात आखूड पडल्या. २००६ साली कंपनीला विलंब जाहीर करावा लागला. सिंगापूर एअरलाइन्सला पहिलं विमान मिळालं, ते ऑक्टोबर २००७मध्ये.