नांवामागचें खरें ठिकाण

बदलापुराच्या नांवाविषयीं अशी एक समजूत रूढ आहे कीं, दूरच्या मजलेवर निघालेले स्वार येथें थकलेले घोडे बदलीत, म्हणून तें बदलापूर. समजूत खरी असो वा नसो. शेजारच्या उल्हासनगराची हकीकत मात्र कागदोपत्रीं आहे. दुसऱ्या महायुद्धांत तेथें लष्कराची छावणी होती, तिला कल्याण कॅम्प म्हणत. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तेथें उतरले, आणि १९४९ सालीं राजगोपालाचारींच्या हस्तें कोनशिला बसून त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. लोकांच्या तोंडून मात्र ‘कॅम्प नंबर चार’ गेला नाहीं. जुनें नांव घ्यावें आणि नव्या ठिकाणीं पोंचावें, हा व्यवहार संगणकांतहि चालतो.

तेथें त्यास सिम्बॉलिक लिंक म्हणतात. ही एक चिमुकली फाईल. तींत स्वतःचा मजकूर नसतो, दुसऱ्या फाईलचा पत्ता तेवढा असतो. मल्टिक्स यंत्रणेच्या १९६५ च्या आराखड्यांत ही कल्पना होती. युनिक्सच्या घराण्यांत ती बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीनें १९८३ सालीं रुजविली.

सोय झाली, तसे घोटाळेहि आले. चिठ्ठींत ‘पुढच्या गांवीं’ एवढेंच लिहिलें असेल, तर ती उल्हासनगरांत ठेवल्यास अर्थ अंबरनाथ, आणि अंबरनाथेंत ठेवल्यास बदलापूर. म्हणून चिठ्ठी जेथें ठेवली आहे तेथून वाट मोजावयाची, वाचणाराच्या घरापासून नव्हे, असा नियम ठरला. दुसरा घोटाळा अधिक कठीण. अंबरनाथेची चिठ्ठी बदलापुरास धाडते, बदलापुराची पुन्हा अंबरनाथेस. स्वार जन्मभर घोडेच बदलीत राहील! उपाय साधा योजला: हेलपाटे मोजावे आणि ठराविक संख्येनंतर थांबून तक्रार करावी. बर्कलीनें ८ हा आंकडा धरला, सोलारिसनें २०, फ्रीबीएसडीनें ३२. लिनक्स एके काळीं ५ वर अडे, तें पुढें ४० वर गेलें. पोझिक्स या समाईक प्रमाणानें ८ ची हमी मागितली व वरचें ज्याचें त्याच्यावर सोडलें. त्यामुळें एका यंत्रावर सुटणारी साखळी दुसऱ्यावर अडूं शकते.

सी भाषेच्या लायब्ररींत रिअलपाथ नांवाचें एक कार्य आहे. त्यास कोणतीहि वाट द्यावी. सर्व चिठ्ठ्या उलगडून तें खरी वाट सांगतें. पण उत्तर लिहिण्यास जागा कोणीं द्यावयाची? विचारणारानें ती दिली नाहीं, तर काय करावें हें २००१ च्या पोझिक्सनें ज्याच्या त्याच्या मर्जीवर ठेवलें. ग्नूची लायब्ररी स्वतः जागा देई, सोलारिस चूक दाखवी. २००८ च्या आवृत्तीनें लायब्ररीनेंच जागा द्यावी असा निकाल दिला.

म्हणूनच ग्नूलिबसारख्या संग्रहांत परीक्षा लिहून ठेवाव्या लागल्या. परीक्षा स्वतःच फाईल घडविते, सरळ, तुटक्या नि चक्राकार लिंका रचते, आणि प्रत्येक यंत्रणेस तेच प्रश्न विचारते. साध्या फाईलच्या नांवापुढें तिरपी रेघ दिली तर तें नांव नाकारलें पाहिजे, कारण फाईल म्हणजे फोल्डर नव्हे. कांहीं यंत्रणा तें खुशाल मान्य करीत.

प्रश्न क्षुल्लक वाटतो, परंतु २००३ सालीं त्याची किंमत कळली. फ्रीबीएसडीच्या रिअलपाथेंत उलगडलेली वाट नेमकी १०२४ अक्षरांची असून तींत निदान दोन तिरप्या रेघा असल्या, तर शेवटचें शून्य राखलेल्या जागेच्या बाहेर पडे. एका बाईटाची चूक! हेंच लिखाण वू-एफटीपीडी या फाईल पोंचविणाऱ्या प्रोग्रामांत उतरलें होतें, आणि त्या एका बाईटांतून परक्यास सर्व्हरवर सर्वाधिकार मिळविणें शक्य झालें. वाट एका अक्षरानें आंखूड असती, तर दोष दिसलाच नसता.

२०२२ च्या जानेवारींत ग्नूच्या सी लायब्ररींतहि असाच दोष उघडकीस आला: वाट फार लांब असली कीं उत्तर म्हणून स्मृतींतील भलताच मजकूर हातीं पडूं शके. दुरुस्ती झाली, आणि तिच्याबरोबर अतिलांब वाटेची एक नवी परीक्षा लायब्ररींत दाखल झाली.