एग्डनची वाट : हीथ, वन आणि श्रमाचा इतिहास

थॉमस हार्डीच्या 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह' (१८७८) या कादंबरीवर परीक्षेत हमखास येणारा प्रश्न म्हणजे 'एग्डन हीथ हे या कादंबरीतील एक पात्रच आहे, चर्चा करा.' त्याचे उत्तरही ठरलेले असते : एग्डन म्हणजे सनातन, अविचल निसर्ग आणि त्यापुढे क्षणभंगुर मानव. पहिल्याच प्रकरणात हार्डीने या भूमीच्या पुरातन अचलतेवर इतका भर दिला आहे की हे उत्तर चूक म्हणता येत नाही. ते अपुरे मात्र आहे, आणि का, हे पुस्तकापेक्षा त्या भूमीवरील एका पायवाटेवरून अधिक स्पष्ट होते, असे आम्हांला वाटते.

इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात, डॉर्चेस्टरपासून सुमारे तीन मैलांवर हायर बॉकहॅम्प्टन ही वस्ती आहे. १८००च्या सुमारास हार्डीच्या पणजोबांनी येथे बांधलेल्या गवती छपराच्या घरात २ जून १८४० रोजी हार्डीचा जन्म झाला. १९४८पासून हे घर नॅशनल ट्रस्टकडे आहे. लगतच्या थॉर्नकोम वनातून निघून हीथवर जाणारी आणि पुन्हा वनात परतणारी मध्यम श्रमाची वर्तुळाकार वाट आज पर्यटकांच्या परिचयाची आहे. बीच, ओक व चेस्टनटच्या सावलीतून ती डॉर्चेस्टरहून बॅडबरीकडे जाणाऱ्या प्राचीन रोमन रस्त्याच्या खुणांपाशी येते. मग झाडी सरते, उघडे आकाश दिसते आणि रशी पाँड हे लहानसे तळे लागते. सावलीतून उजेडात येताना वाटसरूला वाटते, की माणसाचे जग मागे राहिले आणि निसर्गाचे सुरू झाले.

वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. हीथ या शब्दासाठी आपण 'माळरान' वापरतो, पण हीथ म्हणजे गवताळ माळ नव्हे. निकस, आम्लधर्मी, वाळूमिश्रित जमिनीवर हेदरची खुरटी झुडपे, काटेरी पिवळ्या फुलांचा फर्झ आणि नेचे यांनी व्यापलेला तो प्रदेश असतो. डॉर्सेटच्या या जमिनीवर एके काळी वनच होते. कांस्ययुगातील माणसांनी ते तोडले, पावसाने उघड्या मातीतील कस वाहून नेला आणि हीथ पसरले. पुढे शतकानुशतके गुरे चारून, जळणासाठी फर्झ तोडून आणि मुळांसकट मातीच्या चिपा कापून माणसानेच ते उघडे राखले. हे श्रम थांबले की काही दशकांत बर्च आणि पाइन उगवतात आणि वन परतते. म्हणजे हीथ हे माणसाच्या कष्टांचे दप्तरच आहे.

या दृष्टीने कादंबरी पुन्हा वाचावी. पॅरिसमधील हिऱ्यांचा व्यवसाय सोडून परतलेला क्लिम योब्राइट दृष्टी अधू झाल्यावर फर्झ तोडू लागतो. युस्टेशियाला ही अधोगती वाटते. मुलाच्या घरी निघालेल्या त्याच्या आईला पुढे चालणारा फर्झवाला प्रथम भूमीचाच एक भाग वाटतो, मग चालीवरून तो आपलाच मुलगा असल्याचे तिला कळते. पहिल्या प्रकरणाने झाकलेली गोष्ट हा प्रसंग उघड करतो : हीथशी एकरूप दिसणारा माणूस हीथ घडवणारा मजूर आहे. तिच्यासाठी मुलाच्या घराचे दार उघडत नाही आणि परतीच्या वाटेवरच तिचा अंत होतो. शीर्षकात 'परतणे' असलेल्या या कादंबरीत तिचे परतणे पुरे होत नाही.

येथे वाटेच्या आकाराचाही विचार करावा. निघालो तेथेच परत यायचे, ही सहलीची कल्पना आहे. हार्डीच्या काळातील वाटा कोठे तरी पोचवणाऱ्या होत्या. लहानपणी तो डॉर्चेस्टरच्या शाळेत पायी जाई, १८५६पासून तेथील वास्तुविशारदाच्या कचेरीतही. स्टिन्सफर्डच्या चर्चमध्ये वाद्ये वाजवणारे त्याचे वडील आणि आजोबा त्या वाटेने कामासाठीच चालत.

एग्डन अविचल राहणार नाही, हे हार्डीला ठाऊक होते. कथेचा काळ १८४० ते १८५०च्या दरम्यानचा असल्याचे तो १८९५च्या प्रस्तावनेत सांगतो आणि त्या हीथचे तुकडे नांगराखाली किंवा लागवडीच्या झाडांखाली गेल्याची नोंदही करतो. पुढे विसाव्या शतकात सरकारी वनखात्याने सूचिपर्णी वृक्षांची मोठी लागवड केली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डॉर्सेटमध्ये जेवढे हीथ होते, त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा १९६०पर्यंत उरला होता. आज संवर्धनासाठी तेथे झाडे तोडली जातात, गुरे-घोडी चारली जातात. पूर्वी जे चरितार्थासाठी होत होते, ते आता हेतुपूर्वक करावे लागते.

इंग्रजी जमीनदारी व्यवहारात अशा सामाईक, नांगराबाहेरच्या जमिनीला 'वेस्ट' म्हणत. तोच शब्द इंग्रजी महसुली कारभाराबरोबर आपल्याकडे आला आणि 'पडीक' होऊन दप्तरात बसला. धनगरांच्या मेंढ्या ज्यावर पोसल्या गेल्या, ते दख्खनचे गवताळ माळ आजही अनेकदा सरकारी नकाशात त्याच सदराखाली येतात. इंग्लंडने निदान चालण्यापुरते या शब्दाचे ओझे उतरवले. २०००च्या कायद्याने डोंगर, मूर, हीथ व डाउन या प्रकारच्या नोंदलेल्या मोकळ्या भूमीवर वाट सोडूनही पायी हिंडण्याचा हक्क सर्वांना दिला. वनांना मात्र तो आपोआप लागू झाला नाही. पण जळण तोडणाऱ्याचा हक्क वेगळा आणि हिंडणाऱ्याचा वेगळा. पहिला बव्हंशी लोपल्यानंतर दुसरा मिळाला.

म्हणून एग्डनला पात्र म्हणायचेच असेल, तर त्या पात्राचे हात कोणाचे होते, हेही विद्यार्थ्यांना विचारावे. फर्झतोड्या क्लिमपाशी हा प्रश्न हार्डीने आपल्यासाठी ठेवलेला आहे.