केऑसियम : मागून घेतलेल्या धोक्याची वाटचाल

ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात केऑसियम ही प्रकाशन संस्था सुरू केली. ग्लोरांथा या त्यांनी कल्पिलेल्या जगावरचा ‘व्हाइट बेअर अँड रेड मून’ हा पटावरचा युद्धखेळ छापायचा, एवढाच तेव्हा हेतू होता. पण टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळांत फाशाने खेळाडूकडून काय मागावे आणि त्याला काय द्यावे, याचा या छोट्या संस्थेइतका चिकाटीने विचार फार थोड्यांनी केला असेल.

१९७८ मध्ये स्टीव्ह पेरिन आणि सहकाऱ्यांचा ‘रूनक्वेस्ट’ आला. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये पात्र पायरीपायरीने मोठे होत असे; इथे प्रत्येक कौशल्याला शंभरपैकी आकडा मिळाला, फाशावर तेवढे किंवा कमी पडले की यश, आणि वापरेल ते कौशल्य वाढू लागले. या घराण्यातल्या खेळांत रुळलेला नियम मला फार सुंदर वाटतो. साहसात एखादे कौशल्य यशस्वी ठरले, की त्यापुढे खूण करायची. साहस संपल्यावर पुन्हा फासे टाकायचे. या वेळी मात्र आपल्या आकड्यापेक्षा जास्त पडले तरच प्रगती. कौशल्य ३० असेल तर वाढीची शक्यता ७० टक्के, ८० असेल तर फक्त २०. नवख्याला धडपडण्याचे बक्षीस, मुरलेल्याला आणखी पुढे जाणे अवघड.

१९८१ चा, सँडी पीटरसन यांचा ‘कॉल ऑफ क्थुलू’ ही संस्थेची खरी ओळख. या भयखेळात पात्राच्या मानसिक स्थैर्यालाच आकडा आहे. गूढ ग्रंथ वाचावे तर संकटावरचा उपाय सापडतो. पण ते निषिद्ध ज्ञान जितके वाढते, तितकी स्थैर्याची कमाल मर्यादा ९९ वरून खाली येते. एका धक्क्यात पाच किंवा अधिक गुण गेले, तर बुद्धीचा फासा टाकायचा, आणि तो यशस्वी झाला तर पात्र भ्रमिष्ट होते, कारण समोर काय आहे ते त्याला नीट कळलेले असते. फासा जिंकणे हेच नुकसान, ही कल्पना आजही ताजी वाटते.

नव्वदच्या दशकात संस्थेने पत्त्यांच्या ‘मिथॉस’ या खेळात हात घातला आणि आर्थिक ओढाताण सुरू झाली. १९९८ मध्ये स्टॅफर्ड बाहेर पडले. पुढची बरीच वर्षे जुन्या पुण्याईवर गेली.

पॉल फ्रिकर आणि माइक मेसन यांनी सिद्ध केलेल्या ‘कॉल ऑफ क्थुलू’च्या सातव्या आवृत्तीने या विचाराला नवे वळण दिले. फासा हुकल्यावर खेळाडू दुसरी संधी मागू शकतो. मात्र पात्र आता वेगळे काय करणार, हे त्याने सांगायचे. पुन्हा हुकल्यास काय ओढवेल, याची चाहूल खेळ चालवणारा सूत्रधार आधीच देऊ शकतो. कौशल्य ४० असेल तर पहिल्या फाशात यशाची शक्यता ४० टक्के. दुसरा धरून एकूण ६४. उरलेल्या ३६ टक्क्यांत साधे अपयश नाही, अरिष्ट आहे. कुलूप उघडत नाही एवढ्यावर भागत नाही, आतले काहीतरी जागे होते. लढाईच्या आणि मानसिक स्थैर्याच्या फाशांना ही सवलत नाही, आणि ते योग्यच आहे. तिथे धोका न मागताच येतो. माझ्या मते चांगल्या नियमाची कसोटी हीच : वाईट घडले तेव्हा खेळाडूने फाशाला बोल लावू नये, कारण किंमत ऐकून होकार त्यानेच दिलेला असतो.

त्या आवृत्तीच्या लोकवर्गणीची पूर्तता रखडली आणि संस्था पुन्हा अडचणीत आली. २०१५ मध्ये स्टॅफर्ड आणि पीटरसन परतले, पाठोपाठ मून डिझाइन पब्लिकेशन्सच्या मंडळींनी कारभार हाती घेतला. २०१८ मध्ये स्टॅफर्ड गेले. आर्थर राजाच्या सरदारांवरचा त्यांचा ‘पेंड्रॅगन’ १९८५ चा. त्याची नवी आवृत्ती त्यांच्या पश्चात प्रकाशित झाली. त्यात सरदार आपल्या प्रेमाची किंवा निष्ठेची आण घेऊन फासा मागू शकतो. साधला तर अंगात बळ संचारते. हुकला तर तेच प्रेम त्याला खचवते, कधी वेडही लावते.