आधी म्यान, मग पाते

हातघडणीचा लहान चाकू घ्यायचा ठरला की बहुतेकांची चौकशी पोलादापासून सुरू होते. पोलाद कुठले, किती कठीण, गंजेल का? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. घडीच्या चाकूची धार त्याच्याच मुठीत मिटून बसते. न मिटणाऱ्या चाकूला स्वतःची धार झाकता येत नाही, त्याला म्यान लागते. म्हणजे आपण घेतो ती जोडी असते. त्यातले पाते कितीही उत्तम निघाले तरी म्यान कमरेला बोचत असेल तर चार दिवसांत चाकू कपाटात जातो, आणि बागेत कैरी कापायची वेळ आली की आपण गड्याकडे सुरी मागतो.

येथे ‘लहान’ म्हणजे 7 ते 10 सेंटिमीटर पात्याचा, एकधारी, पात्याचेच पोलाद पुढे मुठीत गेलेला चाकू. फळ चिरणे, दोर कापणे, काठी तासणे, कलमाची फांदी छाटणे एवढीच कामे गृहीत धरली आहेत. स्वसंरक्षण मी मुद्दाम बाहेर ठेवतो. त्या हेतूने निवडलेला चाकू कामाला वाईट असतो आणि पोलीस चौकीत त्याहून वाईट.

कायद्याचे आधी उरकू. 1959 च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात घातले आहेत. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. आपला चाकू या मापाच्या पुष्कळ आत बसतो. मात्र खंजीर त्याच यादीत नावानिशी आहे, तेव्हा दुधारी पात्याच्या वाटेला जाऊ नये. तसेही लहान कामात दुसऱ्या धारेपेक्षा अंगठा टेकवायला बोथट पाठ जास्त उपयोगी पडते. आणि ‘लहान आहे म्हणून चालते’ हे अर्धेच खरे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात तेव्हा सुऱ्यांबरोबर काठ्यासुद्धा बाळगायला बंदी येते. सणासुदीला किंवा निवडणुकीत शहरात जाताना चाकू घरी राहावा. विमानाच्या केबिनमध्ये तर तो नेताच येत नाही.

आता मुख्य भाग. चाकू बाळगण्याची रीत कपड्यांवर आणि बैठकीवर ठरते. कोकणात रानात जाणारा किंवा माडावर चढणारा माणूस कोयता कमरेमागे लाकडी आकडीत अडकवतो. पट्ट्याचे काम दोरी करते, दोन्ही हात मोकळे राहतात, आणि हात मागे नेला की न बघता मूठ सापडते. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये ओडिकत्ती हे मोठे पाते असेच पाठीमागे, तोडंग नावाच्या धातूच्या कडीत अडकवतात. पीचेकत्ती हा लहान खंजीर मात्र पुढे, कमरेच्या शेल्यात खोचतात. मोठे पाते मागे आणि लहान पुढे, ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. मागे लटकवलेले हत्यार उभ्या माणसाच्या सोयीचे असते. लहान चाकूचे धनी आपण दिवसभर उठत-बसत असतो.

बाजारात मिळणारे म्यान बहुधा उजव्या कमरेला उभे लटकण्यासाठी शिवलेले असते. खुर्चीवर बसणाऱ्याला ते चालते. आपण मांडी घालतो, उकिडवे बसतो, स्कूटर चालवतो. म्हणून चाकू हातात घेऊन तोलण्याआधी म्यानासकट कमरेला लावावा आणि दुकानातच मांडी घालून बसून पाहावे. दुकानदार बघत राहील, बघू द्यावे. मूठ बरगडीत रुतली तर म्यान उंच बसते आहे, टोक मांडीत रुतले तर लांब आहे. मी आता डाव्या बाजूला, पुढच्या अंगाला, आडवे म्यान वापरतो, मूठ उजवीकडे. पाठीच्या कण्यावर चाकू कधी बांधू नये. पाय घसरून उताणे पडलो तर अंगाचा भार चाकूवर आणि चाकूचा कण्यावर येतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. एका प्रदर्शनात घेतलेल्या माझ्या पहिल्या चाकूचे म्यान दोन कातडी तुकडे समोरासमोर शिवून केलेले होते. दिसायला देखणे, मेणदोऱ्याचे एकसारखे टाके. पण धारेच्या बाजूला दोन कातड्यांच्या मध्ये तिसरी पट्टी नव्हती. चाकू घालताना-काढताना धार रोज थेट टाक्यांवर घासत होती. दोन महिन्यांनी स्कूटरवरून उतरताना पँट फाटली, आणि पँटखाली बोटभर लांबीची चीर आली. तेव्हापासून मी म्यान उजेडाकडे धरून तोंडातून आत डोकावतो. मधली पट्टी दिसली नाही तर पाते बघतसुद्धा नाही. दुसरी परीक्षा सोपी: चाकू घातलेले म्यान गादीवर उलटे धरून झटकावे. चाकू पडला तर ते म्यान नव्हे, पिशवी.

कातडे शक्यतो झाडाच्या सालीने कमावलेले असावे. कोल्हापुरी चपलांचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ते भिजवून पात्यावर दाबले की पात्याचा आकार घेते आणि वाळल्यावर तोच धरून ठेवते. क्रोमने कमावलेले मऊ चामडे असे बसत नाही.

आकाराचे गणित थोडक्यात सांगता येते. 20 सेंटिमीटर लांब, 22 मिलिमीटर रुंद आणि 3 मिलिमीटर जाड पोलादी पट्टीचे वजन सुमारे 104 ग्रॅम भरते. जाडी 4 मिलिमीटर केली की 138. घासकामात यातले काही उतरते, वर मूठ आणि म्यान चढते. खिशातल्या मोबाइलइतके ओझे झाले की समजावे, पुरे.

पण जाडीचा खरा हिशेब वजनाचा नाही, कापण्याचा आहे. दोन पाती घ्या. दोन्ही 22 मिलिमीटर रुंद, पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरती. एकाची पाठ 4 मिलिमीटर, दुसऱ्याची अडीच. पहिल्याची पाचर दहा अंशांहून थोडी जास्त, दुसऱ्याची साडेसहा. आता कच्ची, कडक कैरी घ्या. बारीक पाते बाठ्यापर्यंत मुकाट उतरते आणि फोड पात्याला चिकटून राहते. जाड पाते अर्ध्यावर जाते, मग ‘कट्’ असा आवाज होतो, कैरी चिरली न जाता फुटते आणि फोड उडून पडते. धार दोघांचीही सारखीच असते. जाड पाते अडीच मिलिमीटरच्या पात्यापेक्षा चौपट ताठ असते हे खरे, पण तो ताठपणा डबा उचकटायला लागतो, आणि चाकूने डबा उचकटणाऱ्याला मी माझा चाकू देत नाही.

मुठीबद्दल एवढेच की चारही बोटे मावावीत आणि ती चकचकीत नसावी. कैरीच्या रसाने किंवा खोबरेलाने ओला झालेला हात लाखेच्या झिलईवरून सरळ धारेवर घसरतो. बाभूळ किंवा शिसव, नुसते तेल पाजलेले, पुरते.

राहिले पोलाद. रस्त्याकडेला पाल ठोकून बसणारे घिसाडी आणि गावचे लोहार गाड्यांच्या जुन्या पाट्यांतून पाती घडवतात. पाटा म्हणजे स्प्रिंगचे पोलाद, कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त. चिवट, धार बऱ्यापैकी धरणारे. दोष एकच. वर्षानुवर्षे दणके खाल्लेल्या पाट्यात न दिसणारे तडे असू शकतात. बेअरिंगच्या पोलादात कार्बन सुमारे 1 टक्का, शिवाय क्रोमियम. त्याची धार जास्त टिकते, पण पाणी देताना चूक खपत नाही. ही ‘पाणी देण्याची’ पायरी पोलादाच्या नावापेक्षा मोठी आहे. पाते लाल करून लोहचुंबक चिकटेनासा होईपर्यंत, म्हणजे 770 अंश सेल्सिअसच्या थोडे वर, तापवायचे आणि तेलात बुडवायचे. मग ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा 200 अंशांच्या आसपास शेकायचे. घासून उजळलेले पोलाद शेकताना गव्हाच्या काडीसारखे पिवळसर दिसते. तापमान 300 च्या जवळ गेले की निळे पडते.

म्हणून नवा चाकू उन्हात तिरका धरून टोक बघावे. शेवटच्या चाकावर घाईने घासताना सर्वांत पातळ भाग, म्हणजे टोक, आधी तापतो. तिथे निळसर छटा दिसली तर टोकाचे पाणी उतरले, मग मुद्रा कुणाचीही असो. निळे पुसून काढलेले असेल तर कानस सांगते. टोकाजवळ ती हलकेच ओढावी. घसरली तर ठीक, पोलादात रुतली तर चाकू परत द्यावा.

आमच्याकडे जूनच्या पहिल्या पावसानंतर चाकू म्यानात राहत नाही. चामडे ओल धरते आणि आठवड्याभरात पात्यावर तांबूस ठिपके उठतात. तेव्हा पाते खोबरेल लावून फडताळात, आणि म्यान चुलीवरच्या खुंटीला, ऑक्टोबरपर्यंत.