नाममुद्रा आणि कुलूप : तिरुभुवनम्‌च्या विणकराचा हक्क

कुंभकोणम् आणि तिरुविडैमरुदूर यांच्या दरम्यान तिरुभुवनम् हे गाव आहे. तिरुविडैमरुदूर हे नाव मराठी वाचकास अगदीच परके वाटू नये; १७९८ मध्ये तंजावरच्या गादीवरून दूर झालेले अमरसिंह भोसले तेथेच येऊन राहिले होते. तिरुभुवनम्‌ची कीर्ती दोन गोष्टींमुळे आहे. एक, तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेले कंपहरेश्वराचे मंदिर. दुसरी, तेथील रेशमी साडी. मंदिरातील संस्कृत शिलालेखाने राजाची कृत्ये अमर केली. ज्या हातांनी तो पाषाण घडविला, ते हात मात्र इतिहासाला अनामिकच राहिले. साडीची कथा याहून फारशी निराळी नाही. कृती टिकते आणि कर्ता लोपतो, अशा परंपरेत कर्त्याचा हक्क कशाच्या आधारे उभा करावयाचा, हाच येथे विचारात घेण्याजोगा प्रश्न होय.

येथील विणकरांत सौराष्ट्री भाषा बोलणाऱ्यांचा मोठा समुदाय आहे. ही भाषा आर्यकुळातली असून तिच्यात गुजरातीइतक्याच मराठीच्याही खुणा आढळतात. लाट देशातून दशपुरास गेलेल्या रेशीमविणकरांच्या श्रेणीशी या समुदायाचा संबंध काही अभ्यासक जोडतात. त्यातील दुवे सलग नाहीत, हे येथेच नमूद केले पाहिजे. पण त्या श्रेणीचा मंदसोर येथील शिलालेख मोठा बोलका आहे. पाचव्या शतकात श्रेणीने स्वतःच्या धनातून सूर्यमंदिर उभारले, पुढे त्याचा जीर्णोद्धार केला, आणि वत्सभट्टी नामक कवीकडून आपली प्रशस्ती रचून घेतली. त्या काव्यात कवीचे नाव आहे, श्रेणीचाही गौरव आहे. एकट्या विणकराचे नाव नाही. विणकराची ओळख ती श्रेणीची ओळख, हा नियम येथून पुढे शतकानुशतके चालत आलेला दिसतो.

युरोपात नक्षीवरील हक्क प्रथम मान्य झाला तो कापडाच्याच निमित्ताने, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. इंग्लंडमध्ये १७८७ च्या कायद्याने छापील कापडाच्या नव्या नक्षीस अवघे दोन महिन्यांचे संरक्षण मिळाले. फ्रान्समध्ये १८०६ च्या कायद्याने लियाँच्या रेशीम-कारखानदारांना आपले नमुने अधिकृत ठिकाणी जमा करून ठेवण्याची सोय झाली. परंतु ज्या इंग्लंडने आपल्या नक्षीकाराचा हक्क मान्य केला, त्याच इंग्लंडमध्ये १८६६ साली जॉन फोर्ब्स वॉटसन याने हिंदी कापडाचे ७०० नमुने अठरा खंडांत चिकटवून तेथील औद्योगिक नगरांत धाडले. हिंदी गिऱ्हाइकाला कोणते कापड रुचते हे तेथील गिरणीवाल्यांना कळावे व तसे कापड त्यांना काढता यावे, हा त्याचा उद्देश होता. नमुना गेला, विणणारा मागेच राहिला. आज एखाद्या साडीचे छायाचित्र क्षणार्धात दूरच्या यंत्रमागापर्यंत पोहोचते, तेव्हा घडते ते तत्त्वतः हेच. वेग तेवढा वाढला आहे.

स्वतंत्र भारताचा कायदा विणकराच्या बाजूने कितपत उभा आहे? १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे पंधरावे कलम येथे निर्णायक ठरते. जी नक्षी आकृतिबंध म्हणून नोंदविण्याजोगी आहे परंतु नोंदविलेली नाही, तिच्या प्रती हक्कधारकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेने पन्नासाहून अधिक काढल्या की त्या नक्षीवरील स्वामित्वहक्क संपतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये बैठकीच्या कापडावरील नक्षीच्या वादात हेच तत्त्व लागू केले. हातमागाला ‘औद्योगिक प्रक्रिया’ म्हणता येईल काय, हा वादाचा मुद्दा आहे. पण वाद घालण्याची ऐपत विणकरापाशी क्वचितच असते. २००० च्या आकृतिबंध कायद्यानुसार नोंदणी केल्यास दहा आणि वाढवून पंधरा वर्षांचे संरक्षण मिळते. मात्र नक्षी त्यापूर्वी कोठेही प्रसिद्ध झालेली नसावी. गिऱ्हाइकाला दाखविण्यासाठी जो विणकर साडीचे चित्र आधीच सर्वांपुढे मांडतो, तो नकळत आपल्याच हक्काचे दार लावून घेतो.

तिरुभुवनम्‌च्या साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. लाभ खराच, पण तो नावाचा आहे. दुसऱ्या गावची साडी ‘तिरुभुवनम्‌ची’ म्हणून विकता येणार नाही. मात्र तिची नक्षी उचलून निराळ्या नावाने विकणाऱ्यास हे मानांकन अडवीत नाही. पैठणीच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. मानांकन हे त्या प्राचीन श्रेणीचेच नवे रूप आहे. ते गावाला ओळखते, माणसाला ओळखत नाही.

अंकीय युगाने यावर जो उपाय काढला, तो कुलुपाचा. १९९६ च्या जागतिक स्वामित्वहक्क कराराने दोन गोष्टी सांगितल्या. कृतीवरील तांत्रिक कुलूप तोडण्याविरुद्ध कायद्याने परिणामकारक उपाय असावा, आणि कृतीला जोडलेली कर्त्याची व हक्काची माहिती पुसण्याविरुद्धही तसाच उपाय असावा. भारताने २०१२ च्या दुरुस्तीने ६५ क व ६५ ख ही कलमे घालून दोन्ही स्वीकारल्या; दोहोंसाठी दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. चर्चा बहुधा पहिल्याचीच होते, कारण ग्रंथ, गीत आणि चित्रपट विकणाऱ्यांना कुलूप उपयोगी पडते. साडी मात्र कुलपात ठेवता येत नाही. ती नेसण्यासाठी, मिरविण्यासाठी आणि पाहिली जाण्यासाठीच असते. म्हणून विणकराच्या दृष्टीने दुसरे कलम अधिक मोलाचे असावयास हवे. पण जे नाव कधी लिहिलेच गेले नाही, ते पुसल्याचा अपराध कोणावर ठेवणार?

मराठी वाङ्मयाला हा विवेक पूर्वीपासून ठाऊक आहे. संतांनी अभंगांना कुलपे घातली नाहीत. ते गावोगावी गायिले जावेत हीच त्यांची इच्छा. परंतु शेवटच्या चरणात प्रत्येकाने आपली नाममुद्रा ठेवली. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करताना एकनाथांनी तिच्यात कोणी आपली ओवी मिसळू नये, असे बजावले. वाटणे मुक्त, पण कर्त्याचे नाव आणि कृतीचे रूप अभंग राहावे, ही त्यामागची दृष्टी. अर्थात नाममुद्रेनेही क्षेपक पूर्णपणे टळले नाहीत, आणि दुसऱ्याच्या नावे अभंग रचणारेही झाले. तरीही आज पाठशुद्धीचा संशोधक जो न्याय देऊ शकतो, तो त्या मुद्रेच्या आधारेच.

तिरुभुवनम्‌ची साडी पंख्यासारखी उभी घडी घालून ठेवण्याची रीत आहे. तमिळमध्ये तिला ‘विसिरि मडिप्पु’ म्हणतात. ती घडी गावाची नाममुद्राच होय. नक्षीचा आलेख आता संगणकावर रेखाटला जातो, आणि त्यातच रेखाटणाऱ्याचे नाव व तारीख गोवून ठेवणे अवघड नाही. सहकारी संस्थांनी एवढी नोंद ठेवली, तर गावाच्या मुद्रेशेजारी माणसाची मुद्रा उमटेल. कायद्याचे संरक्षण त्यानंतरचे. ज्याचे रक्षण करावयाचे, त्याला आधी नाव असावे लागते.