एन्रॉन: दाभोळपलीकडची गोष्ट

एन्रॉन म्हटले की आपणा मराठी माणसांना दाभोळ आठवते, आणि वीज मंडळाला न परवडलेली महागडी वीज. ऊर्जा कंपन्यांच्या संगणक विभागात उमेदवारी केलेल्या मला मात्र आठवते ते 'एन्रॉनऑनलाइन'.

नोव्हेंबर १९९९ मध्ये ते सुरू झाले. तोवर अमेरिकेत गॅस आणि विजेचे सौदे बहुतांशी फोनवर होत. ज्याचे फोन जास्त, त्याला खबर जास्त. एन्रॉनने भाव थेट पडद्यावर मांडले, वर दलालीही घेतली नाही. मेख अशी, की प्रत्येक सौद्यात एक बाजू एन्रॉनचीच! कोण काय घेतो, कोण विकायला टेकला आहे, हे सारे तिच्याच यंत्रणेत जमा होई. बाकीच्यांना दिसत तेवढे भाव. माहितीचा इतका धूर्त वापर या धंद्यात क्वचितच झाला असेल.

पण असा सौदा समोरच्याची पत पाहून होतो. २००१ च्या अखेरीस हिशेबांतले घोटाळे बाहेर आले, पत गेली, आणि संगणक ठणठणीत असताना गिऱ्हाईक पांगले. २ डिसेंबरला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २००० साली निघालेल्या 'आयसीई'ने मात्र स्वतः सौद्यात न पडता नुसता बाजार मांडला. तिने २०१३ मध्ये न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज चालवणारी कंपनीच विकत घेतली.