सिंत्राच्या वाटेवरचा दगड

तर मंडळी, पोर्तुगालच्या ट्रिपबद्दल लिही, लिही म्हणून आत्या केव्हाची मागे लागली आहे. फोटो सगळ्यांना पाठवून झालेत, त्यामुळे प्रवासवर्णन काही लिहीत नाही. पण त्यातल्या एका दिवसाबद्दल लिहायलाच हवं. त्या दिवशी जे पाहिलं ते विसरेनही एखाद वेळेस, पण जे न बघता पुढे गेलो ते काही डोक्यातून जात नाही.

आम्ही अकरा जण, एक मिनीबस आणि आत्याच्या तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. लिस्बनहून सकाळी सिंत्रा, तिथून काबो द रोका, मग कश्काइश, एश्तोरील आणि रात्री परत असा बेत होता.

सिंत्राच्या डोंगरमाथ्यावर पेनाचा राजवाडा आहे. लाल-पिवळा, घुमट आणि बुरूज मिरवणारा. आम्ही पोचलो तेव्हा तो अर्धा धुक्यात होता, अगदी श्रावणातला माथेरान! गाइडनं सांगितलं की मूळ इथे राजा मान्युएलनं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला मठ होता. वास्को द गामाच्या जहाजांची वाट राजा याच डोंगरांवरून पाहायचा अशी दंतकथा आहे. मसाल्याच्या व्यापारानं तेव्हा राजाची तिजोरी भरत होती.

"म्हणजे आपल्याच मिऱ्यांचे पैसे की रे!" आत्या म्हणाली. तिचं सारं बालपण वसईच्या किल्ल्याशेजारी गेलं, त्यामुळे पोर्तुगीजांशी तिचं जुनं भांडण आहे.

तिचं निम्मं खरं होतं. 1755 च्या भूकंपात तो मठ मोडकळीला आला. 1838 साली राणी दुसऱ्या मारियाच्या जर्मन नवऱ्यानं, फर्डिनांडनं, ते अवशेष विकत घेतले आणि 1840 च्या दशकात हा राजवाडा उभारायला घेतला. हे सगळं मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं. आदल्या रात्री वाचलं होतं ना!

मग बस मोन्सेराटच्या बाजूच्या झाडीतून वळणं घेत निघाली. कुणी पेंगत होतं, कुणी पुऱ्यांवर होतं. काबो द रोका म्हणजे युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिमेचं टोक. तिथे वाऱ्यानं सगळ्यांना हलवून सोडलं. कश्काइश हे मूळचं कोळ्यांचं गाव. 1870 पासून राजा लुइश उन्हाळ्यात तिथे राहायला येऊ लागला आणि गावाचा नूर पालटला. शेजारच्या एश्तोरीलमध्ये कसिनो आहे. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर गादी गेलेले राजे या दोन गावांत येऊन राहिले. इटलीचा शेवटचा राजा उंबेर्तो 1946 नंतर कश्काइशलाच होता. आम्ही आइसक्रीम खाल्लं, पाण्यात पाय बुडवले. पाणी इतकं गार की सगळे ओरडतच बाहेर.

घरी आल्यावर, सवयीप्रमाणे उशिरा, थोडं वाचन केलं आणि चरकलो. सिंत्राहून मोन्सेराटकडे जाणाऱ्या त्याच रस्त्यालगत पेन्या व्हेर्द नावाची खाजगी वाडी आहे. ती होती जुआंव द काश्त्रूची, म्हणजे 1545 ते 1548 गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगीज गव्हर्नरची. दीवचा किल्ला पुन्हा बांधायला यानंच आपल्या दाढीचे केस तारण ठेवून गोवेकरांकडून कर्ज मागितलं होतं. 1546 मध्ये दीवचा वेढा मोडून काढल्यावर त्याच्या आरमारानं गुजरातचा किनारा लुटला आणि जाळला. सोमनाथ पाटणचा एक संस्कृत शिलालेख त्याच्यामार्फत त्या वाडीत पोचला असं मानतात.

1795 साली जेम्स मर्फीच्या पोर्तुगालवरच्या पुस्तकात त्याची नक्कल छापली गेली, सोबत चार्ल्स विल्किन्सचा अनुवाद. गीतेचा पहिला इंग्रजी अनुवाद करणारा तोच हा विल्किन्स. अभ्यासक या लेखाला आजही 'सिंत्रा प्रशस्ती' म्हणतात. लेख विक्रम संवत 1343 चा, म्हणजे 1287 च्या सुमाराचा, राजा सारंगदेवाच्या काळातला. त्यात त्रिपुरांतक नावाचा पाशुपत साधू केदार, प्रयाग, रेवा करत गोदावरीकाठी त्र्यंबकाला येतो, पुढे रामेश्वर करून प्रभासला पोचतो आणि तिथे पाच देवळं बांधतो. पूजेला फुलं कुणी द्यायची तेही लिहून ठेवलंय.

आपलं त्र्यंबक! युरोपच्या पश्चिम टोकाजवळच्या एका बागेतल्या दगडावर. आणि आम्ही पुऱ्या खात पुढे गेलो.

हा दगड निदान वाचला गेला. घारापुरीच्या लेण्यातला शिलालेखही पोर्तुगीजांनी राजाकडे पाठवला, असं दियोगु द कोतो हा त्यांचाच इतिहासकार लिहितो. तिकडे तो कुणाला वाचता आला नाही आणि पुढे नाहीसाच झाला. म्हणून घारापुरी नक्की कुणी कोरली यावर आजही वाद आहेत. एक दगड गेला तर काय जातं, ते हे.

रात्रीच आत्याला फोन केला. ती तडकून म्हणाली, "परत मागायला हवा तो!"

मी म्हटलं, "आणि मेणवलीची घंटा?" 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. मेणवलीला आहे, भीमाशंकरला आहे. मेणवलीच्या घंटेखाली आत्याचा हात जोडलेला फोटो आमच्या अल्बममध्ये आहे.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "त्या घंटेवर काही लिहिलंय का रे? मी कधी बघितलंच नाही."

मीही नाही बघितलं. आता वाईला जाऊ तेव्हा आधी तेच बघायचं ठरलंय.